शिवून टाकलेला अर्ज

४ जून

धाकट्या,

आज सकाळी साडेदहाला दुकानात बेलिफ आला. मी सरस गरम करायला ठेवत होते, दोन्ही हात चिकट. त्याने दारातूनच नाव विचारलं, पिशवीतून कागद काढला आणि म्हणाला, सही करा. कसली सही, तर घरमालकाला द्यायचा कोर्टखर्च मी भरलेला नाही म्हणून जप्तीचा हुकूम आहे. मग कटिंग मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाटीवरचा नंबर उतरवून घेतला, आणि जाताना मलाच विचारतो, "बाई, हे उचलायला माणसं किती लागतील हो?" माझं मशीन माझ्याच दुकानातून बाहेर काढायला माणसं किती, ते मी सांगायचं! म्हटलं, तुमच्यासारखे वीस लागतील. त्याने तेही लिहून घेतलं.

तळपायाची आग मस्तकात गेलीय माझ्या. अपील करून दोन महिने झाले. त्यात स्थगितीही मागितली होती, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत हा खर्च वसूल करू नका. दावा फेटाळला गेला तेव्हा तूच लिहिलंस ना, वरच्या कोर्टात अपील टाक आणि निवांत पुस्तकं बांध? टाकलं अपील. आता मशीन गेल्यावर पुस्तकं काय दातांनी कापू?

आणि खर्च कोणाचा भरायचा, तर ज्याने माझ्या खिडकीपुढे तीन फुटांवर भिंत उभी केली त्याचा. चौदा वर्षं मी त्या खिडकीच्या उजेडात सुई ओवली. आता भर दुपारी ट्यूबलाइट लावून शिवते आणि संध्याकाळी डोळ्यांतून पाणी येतं. भिंत पाडा म्हणून मी कोर्टात गेले, आणि निघालं काय तर त्याच्या वकिलाची फी, त्याच्या मोजणीदाराचा खर्च, सगळं माझ्या बोकांडी. सहा महिन्यांची कमाई आहे ती.

तीस तारखेला मशीन न्यायला येणार आहेत. फोन करत नाही. तुझ्या कानांचं जे झालंय त्यामुळे तू नुसता "काय? काय?" करतोस आणि मी गल्लीभर ओरडते, शेजाऱ्यांना सगळी केस पाठ झालीय. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीस, आता ती कामाला आण आणि लेखी सांग.

ताई

८ जून

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. बेलिफाशी उद्धटपणा करू नकोस. तो हुकमाचा ताबेदार आहे आणि तू म्हटलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या अहवालात जातं.

आता नीट वाच. अपील दाखल झालं म्हणजे खालच्या कोर्टाचा हुकूम थांबला, असं होत नाही. लोकांचा हा नेहमीचा गैरसमज आहे. अपील चालू असलं तरी घरमालक खर्च वसूल करू शकतो, जोवर वरचं कोर्ट त्याला थांब म्हणत नाही. ते म्हणायला लावायचं तर वेगळा स्थगिती अर्ज लागतो. अपिलात चार ओळी लिहिल्या म्हणजे अर्ज झाला नाही. वेगळा अर्ज, त्याला वेगळं प्रतिज्ञापत्र, त्याचा वेगळा नंबर, आणि त्याची नोटीस घरमालकाला. हे सगळं मी तुला तेव्हाच कळवलं होतं.

तू अर्ज वेगळा दिला होतास का? दिला असशील तर त्याचा नंबर काय? उद्याच जाऊन कोर्टातल्या खिडकीवर विचार. आणि शांतपणे विचार.

धाकटा

११ जून

मा. निवृत्त अधीक्षकसाहेब यांस,

गेले. शांतपणे विचारलं.

अर्ज वेगळाच लिहिला होता मी. तुझ्या सांगण्यावरून, शब्दनशब्द. प्रतिज्ञापत्रही वेगळं, हुकमाची नक्कल, खिडकीचे फोटो, सगळं होतं. खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर पाहिलं, म्हणाल्या अपिलाचा नंबर आहे, अर्जाचा नाही. मी म्हटलं, दिलाय. त्या म्हणाल्या, थांबा, आणि आतून माझं अपील घेऊन आल्या.

त्यांच्या हातात ते पाहिलं आणि मला कळलं काय झालंय ते.

मी ते बांधलं होतं रे. अपील, अर्ज, प्रतिज्ञापत्र, नकला, फोटो, सगळं एकत्र. पानं टोचून, मेणाच्या दोऱ्याने शिवून, निळी कापडी पाठ, जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत माझं आणि त्या मेल्याचं नाव. माझं काम माझ्या हातातून सुटं कसं जाईल? लोकांचे कागद कोर्टात टाचणीला लोंबकळत जातात, माझे जाणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. तीन दिवस खपले त्यावर.

बाई म्हणाल्या, "फार सुंदर केलंय हो. आमच्या सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनीसुद्धा हातात घेतलं." दोन महिने हे लोक माझं बाइंडिंग बघतायत! पण अर्ज बाहेर काढायचा तर शिलाई उसवावी लागेल, आणि पक्षकाराचे कागद आम्ही फाडत नाही, म्हणून तो अपिलाचाच भाग धरला. मी विचारलं, मला कळवलं का नाही? म्हणाल्या, तसा नियम नाही.

शांतपणे विचारल्यामुळे एवढी माहिती मिळाली. बाहेर येऊन जिन्यात जे बोलले ते लिहीत नाही. प्रतिज्ञापत्राची माझ्याकडची नक्कल सोबत पाठवतेय, तपास.

ताई

१४ जून

ताई,

तीस वर्षांत मी ओल्या चहाच्या कपाखालचे अर्ज पाहिले, उंदरांनी खाल्लेले पाहिले, एकाने लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलेला पाहिला. पुठ्ठा बांधून कोर्टात आलेला अर्ज पहिल्यांदाच ऐकतोय. कुठे काय करावं याचा काही पोच असावा की नाही माणसाला? कोर्टातले कागद सुटे असतात कारण ते सुटे असावे लागतात. एक या फायलीत जातो, दुसरा त्या फायलीत. तिथे तुझी कला कोणाला हवी होती?

आता पुन्हा कर. सुटी पानं, डाव्या कोपऱ्यात भोक, साधी दोरी. तातडीची सुनावणी मागणारा आणखी एक अर्ज लाव, बेलिफाच्या कागदाची प्रत जोड. त्या खिडकीवरच्या बाईंकडून नंबर हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

न्यायाधीश तीन गोष्टी बघतील. स्थगिती नाही दिली तर तुझं मोठं नुकसान होईल का? तर होईल, मशीन गेलं की धंदा बसला. हाताची हत्यारं जप्त करता येत नाहीत, पण मोटारीवरचं मशीन हत्यार नव्हे असं घरमालक म्हणणार, त्या वादात आत्ता शिरू नकोस. दुसरं, उद्या तू अपील हरलीस तर त्याचे पैसे बुडू नयेत म्हणून जामीन लागेल. तुझ्या दुकानाला माल देणाऱ्या कागदवाल्या काकांना विचार, ते राहतील. तिसरं, तुझ्याकडून उशीर किंवा हलगर्जी झालीय का. इथेच तुझी गाडी अडणार आहे.

कारण पुराव्याच्या तारखेला, दहा मार्चला, तू हजर नव्हतीस. तीनदा पुकारा झाला, कोणी नाही, म्हणून पुरावा बंद, दावा फेटाळला आणि वर खर्च. तू का नव्हतीस हे ते विचारणारच. तू प्रतिज्ञापत्रात सहाव्या परिच्छेदात लिहिलंयस, 'प्रकृती बरी नसल्यामुळे'. काय झालं होतं तुला? डॉक्टरचा कागद कुठाय? मला तर तू त्या आठवड्यात ठणठणीत असल्याचं लिहिलं होतंस. प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं, ताई. तिथे खोटं चालत नाही. घरमालकाच्या वकिलाने एक प्रश्न विचारला तर तोंडघशी पडशील. खरं कारण लिही.

धाकटा

१७ जून

खरं कारण लिहू? लिहू का खरंच?

तुझं सव्वीस फेब्रुवारीचं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. वाचून दाखवते, कान नसले तरी डोळे आहेत ना तुला. "दहा तारखेला जाऊन काही उपयोग नाही. पुराव्याच्या पहिल्या तारखेला कोणत्याच कोर्टात काही होत नसतं, पुढची तारीख पडते. तिथे माशा मारत बसण्यापेक्षा दुकानात बस, चार पुस्तकं तरी होतील. हे मी अनुभवावरून सांगतोय."

बसले दुकानात. चार नाही, सात पुस्तकं झाली. आणि तिकडे माझ्या नावाने तीनदा पुकारा झाला.

त्या आधीचं पत्रही आहे. "वकिलाला पैसे कशाला देतेस, मी आहे ना." दिला वकील सोडून. तुझ्या शब्दावर.

मार्चपासून मी वाट बघतेय, हा माणूस एकदा तरी म्हणेल, ताई, माझं चुकलं. एक ओळ. सोड रे, एक शब्द. तू मात्र दर पत्रात मला शहाणपण शिकवतोयस. लोकांचा गैरसमज, पोच असावा की नाही, शांतपणे विचार, आणि आता म्हणे खोटं चालत नाही! ते खोटं मी कोणासाठी लिहिलं? तू त्या प्रशिक्षण केंद्रात नव्या कारकुनांना कामकाज शिकवतोस, दर महिन्याला फेटा बांधल्यासारखी मान ताठ करून जातोस, तुझं नाव कोर्टाच्या कागदावर मूर्ख म्हणून येऊ नये एवढ्यासाठी मी आजारी पडले. आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलले, आणि तू मला डॉक्टरचा कागद मागतोस?

माझ्या बाइंडिंगला हसलास. हस. माझी चूक सोनेरी अक्षरांत आहे, सगळ्यांना दिसते. तुझी कुठाय?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई

२२ जून

पाच दिवस झाले, तुझं उत्तर नाही. चालेल म्हटलं म्हणून लगेच चालवून घ्यायचं? काखा वर करायला बरा लागतोस.

ती निळ्या पाठीची बांधणी कोर्टातून मागून घेतली आणि खिडकीवरच्या बाईंसमोर, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कात्रीने उसवली. आतल्या दोघीतिघी बघायला उठून आल्या. एकीने हळहळून "अगं आई" म्हटलं. मी मान वर केली नाही. स्वतःची शिलाई अशी पहिल्यांदाच उसवली, तीही चांगल्या कामाची.

अर्ज सुटा झाला. नंबर मिळाला. तातडीच्या अर्जावर अठ्ठावीस तारीख दिलीय. घरमालकाला नोटीस गेली. कागदवाले काका जामीन राहतायत, त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. नाहीतर काही लोक नुसते प्रश्नच विचारतात.

प्रतिज्ञापत्र नवं करायचंय, सत्तावीसपर्यंत मुदत. सहाव्या परिच्छेदातून आजारपण काढलं. त्या जागी काय लिहू ते ठरत नाही. खोटं लिहायचं नाही असं तू म्हणतोस, आणि खरं लिहिलं तर तू कामातून जातोस. एकदा वाटतं, लिहावं आणि मोकळं व्हावं. हात होत नाही. या हात न होण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय.

ताई

२५ जून, कुरियरने

ताई,

उशीर झाला कारण सोबतचा कागद तयार करत होतो. आधी तो वाच, मग शिव्या घाल.

माझं प्रतिज्ञापत्र आहे. दोन परिच्छेद. दहा मार्चला कोर्टात जाऊ नकोस, असं अपीलकर्त्या बाईंना मी लेखी कळवलं होतं. न जाण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. मी तीस वर्षं कोर्टात काम केल्यामुळे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि तो चुकीचा ठरला. सव्वीस फेब्रुवारीच्या पत्राची प्रत लागेल, ती तू जोड, मूळ पत्र कोर्टात दाखवायला बरोबर ठेव. तुझ्या सहाव्या परिच्छेदात एवढंच लिही, की सोबतच्या प्रतिज्ञापत्रात दिलेलं कारण खरं आहे.

शपथेसाठी दोनदा जावं लागलं. तिथे बसणारा अधिकारी माझ्याच हाताखाली तयार झालेला. पहिल्या दिवशी कागद वाचून त्याने परत केला. म्हणाला, "सर, घरी न्या, विचार करा." दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, शिक्का मार.

तुझं पत्र वाचून मला राग आला होता. दोन दिवस मी तुला उत्तरं लिहीत होतो आणि फाडत होतो. कायद्याने तू चूक, मी बरोबर, असं चार पानं लिहिलं. मग आठवलं ते सांगतो. पुराव्याच्या पहिल्या तारखेला काही होत नाही, असं कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या कोर्टात होत नसे, कारण दिवसाच्या कामाची यादी मी लावत असे आणि त्या केसेस मी मुद्दाम शेवटी टाकत असे. पाच वाजत, साहेब उठत, पुढची तारीख पडे. माझी दुपार हलकी जाई. लांबून आलेली माणसं दिवसभर बाकावर बसून परत जात. मला तो नियमच वाटायला लागला होता. तो माझा आळस होता.

केंद्राच्या प्रमुखांना एक प्रत दिली. लपवून ठेवली आणि दुसरीकडून कळली तर वाईट. पुढच्या महिन्याच्या वर्गाला मला बोलावलेलं नाही.

चुकलं, ताई. मार्चमध्येच म्हणायला हवं होतं.

धाकटा

२८ जून

धाकट्या,

स्थगिती मिळाली. आधी ते सांगते, नाहीतर तू पत्र हातात धरून उभाच राहशील. आठ दिवसांत काकांचा जामीन द्यायचा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत खर्चाची वसुली थांबली. हुकमाची नक्कल बेलिफाला आजच पोचवली. त्याने वीस माणसांची सोय केली होती की नाही, ते विचारायचं राहिलं.

आता बाकीचं.

न्यायाधीश बाई आहेत, पन्नाशीच्या. कागद सुटे करून समोर मांडले, नुकसान बघितलं, जामीन बघितला, मग तुझं प्रतिज्ञापत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. सगळं. माझी कल्पना होती, ते ऐकताना मला गार वाटेल. चार महिने तेच तर ऐकायचं होतं. पण तुझं वाक्य त्या खोलीत दुसऱ्याच्या तोंडून आलं, मागच्या बाकांवर कुजबुज झाली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

घरमालकाचा वकील उठला. म्हणाला, हे गृहस्थ बहिणीसाठी काहीही लिहून देतील. बाई म्हणाल्या, पत्र फेब्रुवारीचं आहे, पोस्टाचा शिक्का आहे, तेव्हा खर्चाचा हुकूम झालेलाच नव्हता. आणि स्थगिती मंजूर म्हणून सांगायला लागल्या, लघुलेखक उतरवून घेत होता. मी जिंकले होते. नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

तो वकील खाली बसता बसता शेजारच्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तीस वर्षं फुकट पगार खाल्ला, आणि म्हातारा आता कोर्टात कागद पाठवून रडतोय." हसले लोक. तो घरमालक तर पोट धरून हसला.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काकांनी बाहेर आल्यावर सांगितलं. म्हणे मी म्हटलं, "माझ्या भावाची अक्कल काढायची तर मी काढेन, सतरा तारखेला चार पानं भरून काढली आहे. तुला कोणी विचारलं रे? त्याने चूक लिहून सही केली. तू आयुष्यात एकदा तरी केलीयस का?" आणि त्याच्या टेबलावर हात आपटला. त्याच्या फायली खाली पडल्या. सुट्या होत्या, सगळीकडे गेल्या.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, गेली स्थगिती. त्यांनी वकिलाला चांगलं खडसावलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, कोर्टात आवाज चढवल्याबद्दल खर्च, पाचशे, आजच्या आज भरा. स्थगिती तशीच राहिली.

तुला आता खूप बोलायचं होतं मला. पुढच्या महिन्याचा वर्ग गेला म्हणून त्या केंद्राच्या प्रमुखांनाही चार शब्द लिहायचेत, त्यांचा पत्ता पाठव. आणि मार्चमध्ये म्हणायला हवं होतंस, ते खरंच आहे, त्यात मी काही सोडणार नाही. पण आज दमलेय.

पाचशे भरायला त्याच खिडकीवर गेले. बाईंनी पावती फाडता फाडता हळूच विचारलं, "हाही खर्चाचाच हुकूम आहे. याच्या स्थगितीचा अर्ज देणार का? सुटा द्या म्हणजे झालं."

म्हटलं, नको. हा हुकूम बरोबर आहे.

ताई